परीघ आणि क्षेत्रफळ, दोन्हीत तोच पाय कसा काय?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. भाचीचं शाळेत सध्या वर्तुळ चालू आहे. तिला दोन्ही सूत्रं पाठ आहेत, टू पाय आर आणि पाय आर स्क्वेअर, पण कुठलं परीघाचं आणि कुठलं क्षेत्रफळाचं यात ती दर वेळी अडखळते. मी तिला सांगितलं की क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये असतं म्हणून ज्यात वर्ग आहे ते क्षेत्रफळाचं, आणि परीघ म्हणजे नुसती लांबी, तिथे वर्ग येणारच नाही. हे तिला पटलं, आणि त्याच्यानंतर तिने जे विचारलं त्यावर मी दोन दिवस विचार करतेय. ती म्हणाली, "मावशी, पाय आम्ही दोरा गुंडाळून काढला, परीघ भागिले व्यास. मग आतली जागा मोजताना तर दोरा नव्हताच, तिथे हाच पाय कुठून आला?"
सूत्र असंच आहे असं सांगून तिला गप्प करायचं नाहीये मला. तिच्या वयाला झेपेल असं कुणी समजावून सांगू शकेल का? इंटिग्रेशन नको.

मोजपट्टी
फार सुंदर प्रश्न विचारलाय तिने, तिला नक्की सांगा.
कार्डबोर्ड घ्या, कंपासमध्ये बरोबर ७ सेंटीमीटर घेऊन वर्तुळ काढा आणि कापा. मग घडी घालत घालत त्याचे १६ सारखे भाग पाडा, म्हणजे १६ वर्तुळपाकळ्या. आता त्या एक टोक वर, पुढची टोक खाली, परत वर, परत खाली अशा एकमेकींत अडकवून टेबलावर ओळीत मांडा. जरा तिरका, वरखाली लाटा असलेला पण आयतासारखा दिसणारा आकार मिळतो. त्याची उंची साधारण ७, कारण पाकळीची सरळ कड म्हणजे त्रिज्याच. आणि लांबी? वर्तुळाची गोल कड निम्मी वरच्या बाजूला गेली, निम्मी खालच्या, म्हणजे लांबी निम्मा परीघ, २२ सेंटीमीटर. २२ गुणिले ७, १५४. पाय आर स्क्वेअर २२/७ धरून करून बघा, १५४ च.
म्हणजे क्षेत्रफळात पाय वेगळा कुठून आलेला नाही, निम्म्या परीघाबरोबर आत आलाय.

शेवाळ
+१. आमच्या बाईंनी असंच करून दाखवलं होतं, अजून लक्षात आहे.

पाऊलवाट
मोजपट्टी, आज संध्याकाळी केलं. पाकळ्या कापताना मजा आली तिला, ओळीत लावल्यावर तर उडालीच. पण मग तिने त्या लाटांवर बोट फिरवलं आणि म्हणाली हा आयत नाहीये, कड वाकडी आहे, तर मग बरोबर १५४ कसं म्हणायचं, साधारण १५४ म्हणा. आता?

रेघोटी
तिचं बरोबर आहे, १६ पाकळ्यांचा आयत होतच नाही. ३२ केल्या की लाटा आणखी चपट्या होतात, ६४ ला त्याहून, आणि हे थांबत नाही, आयतापासूनचा फरक हवा तितका कमी करता येतो. पण 'हवा तितका कमी' हे त्या वयात हातात धरून दाखवता येत नाही, म्हणून मी उलटीकडून जाईन. वर्तुळ बाजूला ठेवा. आधी सरळ कडांचे आकार घ्या, तिथे 'साधारण' हा शब्दच लागत नाही.
एक चौरस काढा. मध्यबिंदूपासून चारी कोपऱ्यांना रेषा जोडा. चार त्रिकोण झाले, प्रत्येकाचा पाया म्हणजे चौरसाची एक बाजू, आणि प्रत्येकाची उंची म्हणजे मध्यापासून बाजूपर्यंतचं लंब अंतर, ते चौघांचं सारखंच. त्रिकोणाचं क्षेत्रफळ निम्मा पाया गुणिले उंची. चौघांची बेरीज केली की सगळे पाये मिळून परिमिती होते. म्हणजे क्षेत्रफळ बरोबर निम्मी परिमिती गुणिले ते लंब अंतर. सुसम षट्कोनाला सहा त्रिकोण, अष्टकोनाला आठ, वाक्य तेच राहतं, एक अक्षर बदलत नाही. आणि बाजू वाढत गेल्या की ते लंब अंतर त्रिज्या होतं आणि परिमिती परीघ होते.
आता खरी गोष्ट इथे आहे. ते लंब अंतर १ धरा. चौरसाची बाजू २, परिमिती ८, क्षेत्रफळ ४. परिमिती भागिले त्या अंतराची दुप्पट, ४. क्षेत्रफळ भागिले अंतराचा वर्ग, तेही ४. म्हणजे चौरसालाही स्वतःचा 'पाय' आहे, तो ४ आहे, आणि तो दोन्ही सूत्रांत तोच आहे! षट्कोनाचा ३.४६४, अष्टकोनाचा ३.३१४. परिमितीतून काढा नाहीतर क्षेत्रफळातून, एकच उत्तर. वर्तुळाचा ३.१४१५९ पुढे चालूच. दोन्हीकडे तोच पाय असण्यात वर्तुळाचं काही खास नाही, मध्यापासून सगळ्या कडा सारख्या अंतरावर असल्या की असं होणारच.

मोजपट्टी
इतकी वर्षं मुलांना पाकळ्या कापायला लावतोय, चौरसाचा पाय ४ हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं. खूप आवडलं.

अंबरीष_जुना
यात थोडी जुनी भर. आर्यभटाने आर्यभटीयात, म्हणजे इसवी सन ४९९ मध्ये, अगदी हेच वाक्य दिलंय, "समपरिणाहस्यार्धं विष्कम्भार्धहतमेव वृत्तफलम्". परिणाह म्हणजे परीघ, विष्कंभ म्हणजे व्यास. निम्म्या परीघाला निम्म्या व्यासाने गुणा, वर्तुळाचं क्षेत्रफळ. यात पाय लागतच नाही बघा, दोन लांब्या मोजा आणि गुणा. मला हे सूत्र पाय आर स्क्वेअरपेक्षा जास्त बोलकं वाटतं कारण परीघ आणि क्षेत्रफळाचं नातं त्यात उघड दिसतं.
पायची किंमत तो वेगळी देतो, २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ, म्हणजे ३.१४१६, आणि तिथे त्याने 'आसन्न' असा शब्द घातलाय, म्हणजे जवळची, नेमकी नव्हे. तुमच्या भाचीने 'साधारण म्हणा' म्हटलं ना, तेच.
प्रामाणिकपणे हेही सांगतो की क्षेत्रफळाच्या त्या श्लोकाच्या पुढच्या ओळीत गोलाच्या घनफळाचा जो नियम आहे तो चुकीचा आहे, तो वापरला तर घनफळ बरंच जास्त येतं. बरोबर नियम भास्कराचार्यांच्या लीलावतीत मिळतो, पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले ६.

शेवाळ
मग २२/७ कुणाचं? शाळेत तर पायची किंमत २२/७ असंच सांगतात.

अंबरीष_जुना
आर्किमिडीजचं. त्याने वर्तुळाला बाहेरून आणि आतून ९६ बाजूंच्या आकृत्या बसवल्या आणि दाखवलं की पाय ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा मोठा आणि ३ पूर्णांक १/७ पेक्षा लहान आहे. रेघोटींच्या भाषेत सांगायचं तर बाहेरच्या ९६ बाजूंच्या आकृतीचा स्वतःचा पाय ३.१४२७ येतो आणि २२/७ म्हणजे ३.१४२८५७, त्याच्या अगदी किंचित वर. म्हणजे २२/७ ही वरची हद्द आहे, पायची किंमत नव्हे. लीलावतीतसुद्धा दोन किमती दिल्यात, ३९२७/१२५० सूक्ष्म आणि २२/७ स्थूल, व्यवहारापुरती. पाय अपरिमेय आहे, कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही, हे लँबर्टने १७६१ मध्ये सिद्ध केलं. म्हणून मुलांना २२/७ शिकवताना 'जवळपास' हा शब्द गाळू नये असं मला मनापासून वाटतं. एकदा तो गाळला की पुढे पाय अपरिमेय आणि २२/७ परिमेय हे दोन्ही एकाच वहीत येतं आणि मूल गोंधळतं.

वाकणपत्रा
मी फॅब्रिकेशनमध्ये आहे, रोज परीघाशीच काम. थिअरी मला फार येत नाही पण एक गोष्ट सांगतो जी पुस्तकात दिसत नाही. ३०० मिलीचा आतला व्यास असलेलं शेल, म्हणजे पत्र्याचं गोल नळकांडं, बनवायचं, पत्रा ३ मिलीचा. सुरुवातीला मी ३०० गुणिले पाय करून ९४२.५ मिलीचा पत्रा कापला. रोल करून तोंडं जवळ आणली तर मिळेनात, साडेनऊ मिलीची फट. मला वाटलं मापच चुकलं, टेप पुन्हा लावली, माप बरोबर होतं. मग उस्तादांनी कापलेल्या कडेवर बोट ठेवून दाखवलं की पत्रा वाकतो तेव्हा आतली बाजू दबते, बाहेरची ताणते, आणि मधोमधची रेघ तेवढी होती तेवढीच राहते, मग हिशोब त्या रेघेचा धरायचा. आतला व्यास अधिक एक जाडी, ३०३ गुणिले पाय, ९५१.९. तेव्हापासून आयडी अधिक जाडी हे हातात बसलंय.
मला नवल याचं वाटतं की ३ मीटर व्यासाची टाकी असली तरी ३ मिलीच्या पत्र्याला फट तेवढीच पडते, साडेनऊ मिली. मोठ्या टाकीला मोठी फट पडायला पाहिजे असं मन म्हणतं पण तसं होत नाही.

रेघोटी
वाकणपत्रा, काय उदाहरण दिलंत! फट तेवढीच पडते कारण व्यासात ३ मिली वाढले की परीघात पाय गुणिले ३ वाढणार, मूळ व्यास किती होता याचा त्यात संबंधच येत नाही. पृथ्वीभोवती विषुववृत्तावर दोरी घट्ट बांधली आणि मग ती सगळीकडून १ मीटर वर उचलायची म्हटली तर किती जास्त दोरी लागेल? ६.२८ मीटर फक्त. चेंडूभोवतीची दोरी १ मीटर वर उचलायलाही ६.२८ मीटरच. परीघ त्रिज्येबरोबर सरळ सरळ वाढतो म्हणून असं होतं.
क्षेत्रफळाचं मात्र असं नाही. तिथे त्रिज्या दुप्पट केली की जागा चौपट. २ सेंटीमीटर आतल्या व्यासाच्या एका नळीचं तोंड १ सेंटीमीटरच्या चार नळ्यांएवढं असतं, दोन नळ्यांएवढं नव्हे, आणि ही चूक मोठी माणसंही सर्रास करतात.

धावपट्टी
हेच मैदानावर. ४०० मीटरच्या ट्रॅकवर आठ धावपटू तिरक्या रांगेत का उभे असतात ते यातून कळतं. वळणाची आतली त्रिज्या ३६.५० मीटर, सरळ भाग ८४.३९ मीटरचे दोन, पहिली लेन आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटरवर मोजतात, म्हणून वळणाला ३६.८० ची त्रिज्या. दोन वळणं मिळून एक पूर्ण वर्तुळ, २३१.२२, आणि सरळ १६८.७८, झाले ४००. दुसरी लेन रेषेपासून २० सेंटीमीटरवर मोजतात, लेनची रुंदी १.२२, त्यामुळे त्रिज्या ३७.९२ होते. फरक १.१२ मीटर, टू पायने गुणला की ७.०४. दुसऱ्या लेनवाला म्हणून बरोबर ७.०४ मीटर पुढे उभा असतो. मुलांना मैदानात नेऊन हे टेपने मोजायला लावा, फळ्यापेक्षा लवकर कळतं.

निळाई
मला एक विचारायचंय, बरेच दिवस मनात आहे. १ व्यासाचं वर्तुळ काढलं, त्याला बाहेरून चौरस, परिमिती ४. आता चौरसाचे चारी कोपरे आत दुमडले, पायरीसारखे, तर परिमिती ४ च राहते, कारण जितकं आडवं तितकंच आडवं आणि जितकं उभं तितकंच उभं. असं करत करत पायऱ्या बारीक केल्या की शेवटी ती रेघ वर्तुळाला चिकटते. मग परीघ ४ का नाही? रेघोटींनीही सरळ रेषांचे आकार वर्तुळाजवळ नेले आणि हेही तेच करतंय.

मोजपट्टी
हा खरंच अवघड प्रश्न आहे. मी पण ऐकतो.

रेघोटी
निळाई, यावर थोडं निवांत लिहिते.
आधी सोपं रूप बघा. १ बाजूचा चौरस, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यात जायचंय. कर्णाने गेलं तर १.४१४. पायऱ्यापायऱ्यांनी गेलं तर २, पायऱ्या कितीही बारीक असल्या तरी २. लांबून बघणाऱ्याला दोन्ही वाटा एकच दिसतील पण चालणाऱ्याला दर पावलाला वळावं लागतंय, तो तिरका असा कधी चालतच नाही. लांबी ठरते ती रेघ कुठल्या दिशेने चाललीये यावरून, आणि पायऱ्यांची दिशा कधीच कर्णासारखी होत नाही. बहुभुजाकृतीचं तसं नाही, बाजू वाढल्या की प्रत्येक बाजू तिथल्या वर्तुळाच्या दिशेला वळत जाते. ९६ बाजूंची आकृती नुसती वर्तुळाजवळ नसते, ती वर्तुळासारखी वळतेही. म्हणून तिची परिमिती परीघाकडे जाते आणि पायऱ्यांची जात नाही.
आणि तुमच्याच पायऱ्यांचं क्षेत्रफळ बघा. चौरसाचं १ होतं, कोपरे दुमडत गेलात तसं कमी होत होत बरोबर ०.७८५ कडे, म्हणजे वर्तुळाच्या क्षेत्रफळाकडे गेलं. त्याच पायऱ्या, क्षेत्रफळ अचूक आणि लांबी चूक! रेघ जवळ आली की क्षेत्रफळ जुळतं, लांबीला तेवढं पुरत नाही. मला गणितात याहून आवडणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत.

निळाई
वळणारी रेघ. आता दिसलं. मनापासून आभार.

शेवाळ
म्हणजे परिमिती मोठी असली की क्षेत्रफळ मोठं, हे खरं नाही?

मोजपट्टी
अजिबात नाही, आणि हा गैरसमज सूत्रं पाठ नसण्यापेक्षा जास्त नुकसान करतो. ४० सेंटीमीटरचा दोरा घ्या, टोकं बांधा. १९ बाय १ चा आयत केलात तर १९ चौरस सेंटीमीटर, १५ बाय ५ चा केलात तर ७५, चौरस केला तर १००, सुसम षट्कोन केला तर साधारण ११५, आणि वर्तुळ केलं तर १२७. त्याच दोऱ्यात वर्तुळाहून जास्त जागा कुठलाच आकार घेऊ शकत नाही.
दुसरं एक करून बघा, चार पट्ट्या टोकांना टाचण्या लावून जोडा, १० आणि ६ च्या. सरळ धरलं की आयत, ६०. आता कोपरा ढकलून तिरकं करा. पट्ट्या त्याच, परिमिती ३२ च, पण उंची ६ वरून ३ वर आली की क्षेत्रफळ ३०. आणखी ढकला, जवळजवळ शून्य. समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ पाया गुणिले तिरकी बाजू करणाऱ्या मुलाच्या हातात ही चौकट द्या, तो परत ती चूक करणार नाही.

पाऊलवाट
किती छान लिहिताय सगळे. काल तिला रेघोटींचे त्रिकोण दाखवले, चौरसाचा पाय ४ ऐकून तिने वहीत मोठ्ठं लिहून ठेवलंय. मग आयताचा पाय काढायला बसली, १० बाय ६ चा, आणि तो निघेना.

रेघोटी
निघणार नाही. निम्मी परिमिती १६, क्षेत्रफळ ६०, भागाकार ३.७५. पण मध्यापासून दोन बाजू ३ वर आहेत आणि दोन ५ वर, ३.७५ वर एकही नाही. चारही बाजूंना टेकणारं वर्तुळ ज्याच्यात बसतं त्यालाच हा नियम लागतो. त्रिकोण कुठलाही चालेल, त्यात असं वर्तुळ नेहमी बसतं. तिला ३, ४, ५ चा काटकोन त्रिकोण द्या, आतल्या वर्तुळाची त्रिज्या १, परिमिती १२, क्षेत्रफळ ६.
लंबवर्तुळाचं पण असंच. अर्ध्या अक्षांच्या लांब्या ५ आणि ३ असतील तर क्षेत्रफळ सोपं, पाय गुणिले ५ गुणिले ३, ४७.१२. वर्तुळ एका दिशेने ताणलं की जागा त्याच पटीत ताणली जाते. पण परिमितीला तसं साधं सूत्रच नाही, कारण काही ठिकाणी कड जास्त ताणली जाते आणि काही ठिकाणी कमी. रामानुजनने १९१४ मध्ये दिलेलं एक जवळपासचं सूत्र आहे, तीन वेळा दोन्हींची बेरीज, त्यातून एक वर्गमूळ वजा, आणि सगळ्याला पायने गुणायचं. वर्गमूळ १८ गुणिले १४ चं, यात १८ म्हणजे तीन पाचे अधिक ३ आणि १४ म्हणजे ५ अधिक तीन त्रिक. २४ वजा १५.८७४५, गुणिले पाय, २५.५३. खऱ्या परिमितीच्या इतकं जवळ की टेपने फरक कळणार नाही.

वाकणपत्रा
लंबवर्तुळ शेलचा पत्रा आम्ही अंदाजाने जास्त ठेवून मग कापतो. हे वहीत लिहून घेतलं, पुढच्या वेळी मधल्या रेघेला लावून बघतो.

पाऊलवाट
आज शेवटचं सांगते. ३, ४, ५ झाल्यावर ती स्वतःच ५, १२, १३ चा त्रिकोण घेऊन बसली. परिमिती ३०, क्षेत्रफळ ३०. पळत आली, "मावशी, दोन्ही सारखंच!" मग ६, ८, १० चा केला, २४ आणि २४. बाजू ४ चा चौरस केला, १६ आणि १६. बराच वेळ वहीकडे बघत बसली आणि मग म्हणाली की या सगळ्यांच्या आत २ त्रिज्येचं वर्तुळ बसतंय, निम्म्या परिमितीला २ ने गुणलं की परिमितीच येणार. मग तिने २ त्रिज्येचं वर्तुळच घेतलं, परीघ १२.५७, क्षेत्रफळ १२.५७.
मी तिला एवढंच म्हटलं की आता हेच सगळं मिलिमीटरमध्ये कर. ५, १२, १३ वाल्याची परिमिती ३०० मिलिमीटर झाली आणि क्षेत्रफळ ३,००० चौरस मिलिमीटर. तिने दोन्ही आकडे दोनदा तपासले आणि मग परिमितीच्या आकड्यापुढे एक छोटी रेघ काढली, क्षेत्रफळाच्या आकड्यापुढे एक छोटा चौरस.